तिसरी बाही

बाईच्या अंगाभोवती टेप असला, की तिला कुठे जाता येत नाही. हात वर, मान सरळ, श्वास अर्धा आत. अशा अडकलेल्या अवस्थेत मी कित्येक बायांना येशूबद्दल सांगितलं आहे, हे आधीच कबूल करून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की लपवून ठेवलं.

मी टेलरीण. वर्ध्याला लागून सिंदी मेघे, तिथे आमचं घर, आणि घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. एक मशीन, एक कापायचा टेबल, एक स्टूल, भिंतीवर क्रूस, आणि क्रूसाखाली तयार ब्लाऊज लटकवायची दोरी. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे लिहायला बसले की 'मला' येतं, तोंड उघडलं की 'मले'. वाचणाऱ्याने दोन्ही माझंच समजावं.

माझ्याकडे येणाऱ्या बाया शेतकऱ्यांच्या, दुकानदारांच्या, नोकरीवाल्यांच्या घरच्या, जवळजवळ साऱ्या हिंदू. समोर क्रूस दिसला की विचारणारच, त्यात त्यांचं काही चुकत नाही. तुमच्यात घरी इंग्रजी बोलतात का, तुमच्यात पोळा करतात का, मेलेल्या माणसाला पुरता तर जागा पुरते का. एकीने विचारलं, तुम्ही कुंकू लावत नाही, मग नवरा आहे की नाही हे लोकांना कसं समजतं? तेवढ्यात आतून आमच्या ह्यांनी चहासाठी आवाज दिला. मी म्हटलं, असं समजतं. फॉरेनवरून पैसे येतात का, हा प्रश्न तर दर दिवाळीच्या गर्दीत ठरलेला, आणि तो आला की माझं डोकं फिरतं. अवो बाई, पैसे आले असते तर मी तुमच्या ब्लाऊजला हूक लावत बसली असती का?

आमच्या चर्चच्या पाळकांनी एका रविवारी सांगितलं, की प्रत्येकाने आपापल्या कामाच्या जागी प्रभूची साक्ष द्यावी. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेपला दुहेरी काम लागलं. खांद्याचं माप घेताना सुरुवात करायची, कमरेपर्यंत येईतो क्रूसापाशी पोचायचं. पुढच्या रविवारी मी उभी राहून सांगितलं, की या आठवड्यात चार जणींना सुवार्ता सांगितली. त्या चौघींतल्या दोघी दुसऱ्या टेलरकडे गेल्या, हे सांगितलं नाही.

माझ्यात एक खोट आहे. बोलायला मी प्रीतीनेच सुरुवात करते, पण समोरच्या बाईने एक उलटा शब्द टाकला की माझा आवाज चढतो. मग मशीनच्या आवाजावरून माझा आवाज, माझ्या आवाजावरून तिचा. आमचे हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, दिवसभर आतल्या खोलीत पेपर वाचतात. ते म्हणायचे, आज साक्ष जोरात झाली, रस्त्यावरची कुत्री उठून गेली.

बोरगाव मेघेची एक बाई आली, तेव्हा मात्र मला जोडीदारीण मिळाली. घरची शेती, नवरा सकाळी शेतावर गेला की दुपारपर्यंत तिला कोणी विचारणारं नाही, आणि जिभेला भरपूर धार. मी तिला ताई म्हणते, ती मला ताई म्हणते, आणि दोघीही एकमेकींना तुम्ही म्हणतो, म्हणजे भांडताना बरं पडतं. पहिल्या दिवशी मी टेप लावला आणि सुरू झाले. बाकीच्या बाया हो हो करून सुटका करून घेतात. हिने हात खाली घेतले, स्टूल ओढून त्यावर ठाण मांडलं आणि म्हणाली की आता सांगा, आरामात सांगा.

त्यानंतर दोन वर्षं ती आठवड्यातून एकदा यायची. शिवायला काही नसलं तरी यायची. येताना पिशवीत भाजी घेऊन यायची आणि माझ्या कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर निवडत बसायची. प्रश्न घरूनच काढून आणायची. देव एवढा ताकदवान, तर सुळावर काऊन चढला? मी अर्धा तास सांगायची, घाम निघायचा. ती मेथी निवडत ऐकायची, आणि पटलं नाही तर काडी माझ्याकडे रोखून पुन्हा पहिल्यापासून विचारायची. पटलं तर काही बोलायची नाही, पुढची जुडी सोडायची. त्यावरून मला समजायचं.

पण तिने मला खरं पकडलं ते शास्त्रात नाही, धंद्यात पकडलं. एकाच ब्लाऊजसाठी तिसरा हेलपाटा घालून आली होती. मी सवयीने म्हटलं, उद्या येजो. ती दारातच थांबली.

"खोटं बोलू नये असं तुमच्या शास्त्रात लिवलं हाय म्हनता. मंग हे 'उद्या येजो' काय होय?"

आता जे टेलर नाहीत त्यांना समजावून सांगते. ब्लाऊज झालेलं नसतं, कापलेलंही नसतं, कधीकधी कापड कुठे ठेवलं हेसुद्धा आठवत नसतं, तरी टेलर म्हणतो की उद्या येजो. साऱ्या दुनियेचे टेलर म्हणतात. ते खोटं नसतं, तो एक प्रकारचा नमस्कार असतो. मी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान एवढंच म्हणून निघून गेली, पुढचं कोरडे पाषाण माझ्यासाठी ठेवून.

दोन दिवस मी चिडलेली होते. ह्यांच्या चहात साखर टाकली नाही. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसल्याबसल्या वाटलं, की बाई खरं बोलली. मग मी कानाला खडा लावला. जी बाई येईल तिला खरं सांगायचं. तुमच्या कापडाला अजून कात्री लागली नाही, बारा दिवस लागतील. बाया माझ्याकडे बघतच राहायच्या. एकीने आत जाऊन ह्यांना विचारलं, ताईंची तब्येत बरी आहे ना. दोघींनी कापड परत नेलं, कारण दुसरा टेलर त्यांना उद्याच देणार होता.

बोरगाववाली हे सगळं पाहत होती. मी सांगितलेल्या दिवशी ती बरोबर यायची, आणि ब्लाऊज तयार दिसलं की तोंड वाकडं करायची, हरल्यासारखं. असे चार-पाच महिने गेले. एक दिवस तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मान वर न करता, ती बोलली.

"तुमचा तो तीनचा एक देव मले नाई समजत, ताई. पन त्याच्या धाकानं टेलर खरं बोलून राह्यली, तं त्याले मी हात जोडते."

त्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहिले आणि हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बायांनी मान डोलावली, पाळक खूश झाले. मला इतकं भारी वाटलं की त्या आठवड्यात माझं स्वतःचं ब्लाऊज घट्ट झालं असेल. एक गोष्ट मात्र मला तेव्हा दिसली नाही. त्या बाईच्या लेखी प्रभूची सारी अब्रू आता माझ्या जिभेवर होती. भारी वाटायच्या जागी भीती वाटायला पाहिजे होती.

मग तिच्या पोरीचं लग्न जमलं. पोरगी सावंगीला लॅबमध्ये काम करते, हसरी, हाडाने बारीक, माप घ्यायला सोपी. वर्ध्याच्या एका जुन्या कापड दुकानातून शालू घेतला. ते दुकान आजोबापासून चालत आलेलं, आणि आत्ताचे शेठ साठीचे. साडीतला ब्लाऊजपीस ते स्वतः मोजून कापतात, नोकराला हात लावू देत नाहीत. आम्ही टेलर लोक एकमेकांच्या मापात खोट काढतो, पण त्यांच्या मापात कोणी काढत नाही. तो मापलेला ब्लाऊजपीस घेऊन बोरगाववाली माझ्याकडे आली, आणि जाताना म्हणाली की पोरीच्या अंगावर तुमच्याच हातचं पाहिजे.

कापायच्या वेळी बोलायचं नाही, हा माझ्या शिकवणाऱ्या बाईंचा नियम. तो मी तीस वर्षं पाळला. त्या दिवशी मोडला. शालूच्या कापडाला दोन्हीकडून जरीचा काठ होता. बाहीला काठ खाली यावा लागतो आणि घडी घातली की जरीचे काठ एकमेकांवरून सरकतात, म्हणून असं कापड घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नाहीत. एक या काठावरून, एक त्या काठावरून, वेगवेगळी कापायची. मी खडूने आखून कात्री हातात घेतली, आणि टेबलाच्या कोपऱ्यावरून तिने विचारलं, ताई, ते तीनचं एक कसं, ते एकदा नीट सांगा, पोरीचं लग्न लागायच्या आधी समजून घेते.

आता असं कोणी विचारल्यावर गप्प बसवेल का? माझ्यासमोर ब्लाऊजच होतं, म्हणून मी ब्लाऊजवरूनच सांगायला गेले. पुढचा भाग वेगळा, पाठ वेगळी, बाही वेगळी. तीन गोष्टी. पण ब्लाऊज एकच. ती म्हणाली बाह्या दोन असतात, म्हणजे चार झाले. मी म्हटलं दोन्ही बाह्या मिळून एक धरा. तिने शेंगेतला दाणा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं, "मंग अस्तर कोन?"

माझं डोकं फिरलं. अस्तर गेलं खड्ड्यात, म्हटलं, सरळ ऐका. पिता, म्हणून मी कात्री चालवली. पुत्र, म्हणून कापड फिरवून दुसऱ्या काठावर चालवली. पवित्र आत्मा, म्हणून परत चालवली. बोलता बोलता कपडा फिरवत होते, कात्री चालत होती, आवाज चढत होता. तिने सगळं ऐकलं, समजलं नाही असं मान हलवून सांगितलं, आणि माझा पारा चढवल्याच्या समाधानात पिशवी उचलून गेली.

ती गेल्यावर तुकडे जुळवायला घेतले. बाही एक. बाही दोन. बाही तीन. तिन्ही जरीकाठाच्या, तिन्ही एकसारख्या, तिन्ही सुबक कापलेल्या. पुढचा भाग जेमतेम निघत होता. पाठीला कापड उरलं नव्हतं. मी परत मोजलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, जसं काही एखादी बाही चुकून शेजारच्या कपड्यातून आली असावी. नवरीच्या ब्लाऊजला पाठीवर जोड देता येत नाही. मंडपात सारे फोटो पाठीमागूनच निघतात.

संध्याकाळी तिचा फोन आला, कापून झालं का. मी शपथेवर सांगते, खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं: ताई, कापड कमी हाय, पाठीले पुरत नाई. हे 'उद्या येजो'च्याच घरचं वाक्य. टेलरचा हात चुकला की कापड कमी पडतं, हे आमच्या धंद्यात इतकं चालतं की ते म्हणायला जीभ हलवावीही लागत नाही. बाया ऐकतात, हळहळतात, आणि म्हणतात जाऊ द्या, दुसऱ्या कापडाची पाठ लावा. मला वाटलं हीसुद्धा तेच म्हणेल. तिने फक्त किती कमी आहे ते विचारलं. मी म्हटलं वीतभर. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी दुपारी ती आली, ती वरातीत नाचत यावं तशी आली. टेबलावर नवा ब्लाऊजपीस टाकला. तोच रंग, तोच काठ. मग स्टुलावर बसून तिने सगळी हकीकत सांगितली. ती सरळ दुकानात गेली होती. शेठ म्हणाले मी स्वतः मोजून कापलं, कमी जाणं शक्य नाही. गादीवर हात ठेवून बोलले. टेलरनेच खराब केलं असेल, टेलर लोक नेहमी असंच सांगतात, असंही म्हणाले. दुकानात गर्दी होती, लग्नसराईचे दिवस, सगळे ऐकायला थांबले. मग ही उभी राहिली.

"म्या म्हनलं, शेठ, दुसरी टेलरीण असती तं मीच तिच्यावर शक घेतला असता. पन आमची ताई येशूवाली हाय. थे 'उद्या येजो' पन म्हनत नाई. तिचा देव तिले खोटं बोलू देत नाई."

आणि एवढ्यावर ती थांबली नव्हती. मी बायांना बारा दिवस सांगते, बाया परत गेल्या तरी चालतं पण खोटं सांगत नाही, हे सगळं तिने त्या गर्दीला ऐकवलं. जे मी वर्षानुवर्षं टेप लावून सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं, ते तिने बिनटेपचं सांगितलं आणि सारं दुकान ऐकत राहिलं. शेठनी त्याच रंगाची दुसरी साडी काढली, तिच्यातला ब्लाऊजपीस कापून हिला दिला, आणि म्हणाले की माझंच चुकलं असेल, नजर गेली वाटते आता, यापुढे पुतण्याला कापायला सांगत जाईन.

हे ती मला आनंदाने सांगत होती. चाळीस वर्षं कापड मापणाऱ्या माणसाने माझ्या एका वाक्यावर आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला होता, आणि ते वाक्य प्रभूच्या नावावर खपलं होतं. मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, बरं झालं. ती गेल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की मशीनवर कापड टाकून मशीनच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मशीनपुढे गुडघे टेकून प्रार्थना करायला बसले. मोठ्याने करते मी, सवय आहे. आमचे हे पेपर घेऊन दारात उभे होते, सगळं ऐकत होते.

"देवाले काऊन सांगून राह्यली? त्यानं वरून पाह्यलंच असन. दुकानदाराले सांग, त्याले माहीत नाई."

मी उठले आणि भांडले. लग्न पंधरा दिवसांवर आलं, आता बाईच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा. ब्लाऊजपीस तर मिळालाच आहे, आता काय बिघडलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मी आता सांगितलं तर त्या बाईच्या मनातून प्रभूचं नाव उतरेल. हे शेवटचं कारण मला फार आवडलं होतं. प्रभूच्या नावाखातर मला खोटं चालू ठेवणं भाग आहे, असं मी ह्यांना दोन वेळा सांगितलं. ह्यांनी पेपरचं पान उलटलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर माझंच मला हसू आलं, आणि मग रडू आलं.

मी तिला फोन केला, की आपण दोघी दुकानात जाऊ. तिला वाटलं मी शेठचे आभार मानायला जाते आहे. चांगली साडी नेसून आली. ऑटोत एक अनोळखी बाई बसली होती, तिला हिने पूर्ण रस्ताभर माझं सांगितलं, की ह्या ताई मरतील पण खोटं बोलणार नाहीत. मी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. आयुष्यात इतकी लांब साक्ष मी कधी ऐकली नव्हती, आणि ती संपावी म्हणून मनात प्रार्थना करत होते.

दुकानात शेठ गादीवर होते. दोन-तीन गिऱ्हाईकं होती. मी पिशवीतून तुकडे काढून एकेक समोर ठेवले आणि म्हटलं, भाऊ, तुमचं माप बरोबर होतं. कापड कमी नव्हतं. मी बोलता बोलता चुकीचं कापलं आणि खोटं सांगितलं. एवढंच मी ठरवून आले होते.

शेठनी मीटरपट्टी उचलली आणि तुकडे एकेक करून मोजले, बाह्यासुद्धा, ओठ हलवत. सगळं जुळलं. पट्टी खाली ठेवली आणि ते गादीवर जरा सरळ होऊन बसले. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट दोन रात्रींची झोप परत मिळाल्यासारखं दिसत होतं. मग त्यांचं लक्ष पुन्हा बाह्यांकडे गेलं.

"बाई, हे तिसरी कोनासाठी?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. मी मान खाली घातली. मागे बोरगाववाली उभी होती. मी वळले तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि ती पहिल्यांदाच माझ्याशी एकेरीत बोलली.

"तुह्या देवाची जमानत म्या घेतली होती. तुह्या एकटीसमोर नाई, साऱ्या दुकानासमोर."

आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली. मी मागे धावले, पण ती ऑटोत बसली होती. परत आले तर शेठनी चहा मागवला होता. ब्लाऊजपीस कापलेली ती दुसरी साडी आता मीच विकत घ्यावी, असं ते अगदी गोडीने म्हणाले. मी घेतली. ती अजून कपाटात आहे, कारण नवरीसारखाच शालू या वयात नेसून मी कुठे मिरवू?

पुढचे दोन दिवस मी फोनकडे पाहत होते. नवा पीस माझ्याकडेच होता, त्यामुळे ती येणार हे नक्की होतं, पण शिवायला देणार की परत नेणार, हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती आली. हातात भाजीची पिशवी नव्हती. स्टूल ओढलं, माझ्या अगदी समोर बसली, आणि म्हणाली, शिवा, पण बोलू नका.

मी कापलं, तिच्या डोळ्यांदेखत. बाह्या दोन. प्रत्येक तुकडा कापला की ती बोट ठेवून मोजायची. चार तास आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. हे मध्ये एकदा बाहेर येऊन डोकावले, दोघी जिवंत आहेत असं पाहून परत आत गेले. संध्याकाळी पोरगी घालून पाहायला आली, तिला ब्लाऊज असं बसलं की चिमटीत पकडायला सूत मिळेना. बोरगाववालीने मेहनतीचं किती ते विचारलं, पैसे दिले, ब्लाऊज घेतलं आणि जाताना दार ओढून घेतलं.

त्या रविवारी पाळकांनी विचारलं, बोरगावच्या भगिनीचं कुठवर आलं. मी म्हटलं, ती तिथेच आहे पाळकसाहेब, मीच मागे आले. मग बसून राहिले. पुढच्या आठवड्यात चार बायांची मापं घेतली आणि चारही वेळा टेपने फक्त मापच घेतलं. मला कोणाला काही सांगायचा हक्क उरला आहे, असं वाटत नव्हतं.

पत्रिका भांडणाच्या आधीच आली होती. येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं. मी जाणार नव्हते, पण आमच्या ह्यांना लग्नातली वांग्याची भाजी सोडवत नाही, आणि एकट्यानं जायला लाज वाटते. म्हणून गेलो. सावंगीच्या रस्त्यावर एका लॉनवर लग्न होतं. अक्षता पडल्या, फोटो निघाले, पाठीमागूनच निघाले, आणि पाठ सुंदर दिसत होती. आम्ही ताटं घेऊन कडेच्या खुर्च्यांवर बसलो. बोरगाववाली समोरच व्याह्यांकडच्या बायांना वाढायला उभी होती. तिने आम्हाला पाहिलं होतं. जवळ आली नव्हती.

तिथे नवऱ्या मुलाच्या मावशीने विचारलं, की ब्लाऊज कोणी शिवलं. माझा घास हातातच राहिला. बोरगाववालीने पळीनेच माझ्याकडे दाखवलं, म्हणाली त्या बसल्या त्या ताई, सिंदी मेघेच्या. मावशीने सगळ्या बाया टेलरबद्दल विचारतात तेच विचारलं. वेळेवर देते का, कापड तर खात नाही?

"खाल्लं होतं माहं कापड. अन् माह्यासंगं खोटं बोलली," बोरगाववाली म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "मंग आपल्याच पायानं दुकानात गेली अन् सगळ्यायसमोर सांगतलं. मले राग हाय अजून. पन मी असती तं म्या नसतं सांगतलं."

आणि ती पुढच्या ताटाकडे वळली, बुंदी वाढायला.

मी खाली मान घालून भात कालवत बसले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, थांबेनात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, भाजी तिखट लागून राह्यली का. मी हो म्हणणारच होते.

"नाई," म्हटलं, "रडून राह्यली."